आधी अक्षर, मग गाणे
तरुण वामन कर्डकांच्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट

एप्रिल महिना लागला की विश्रांतवाडीतील आमच्या वस्तीत ढोलकीला शाई चढते. दिवसभर कारखान्यात, दुकानात, ऑफिसात राबलेली मंडळी रात्री नऊनंतर बुद्धविहाराच्या ओट्यावर जमतात आणि भीमजयंतीच्या गाण्यांची तालीम सुरू होते. यंदाही ती सुरू झाली. एकोणीस वर्षांचा एक मुलगा गात होता. दिवसा तो घरोघर पार्सले पोचवतो. आवाज मोठा गोड, ताल पक्का. त्याने वामनदादा कर्डकांचे एक गाणे म्हटले, टाळ्या पडल्या. पण शेवटचे कडवे त्याने म्हटलेच नाही.

मी त्याला जवळ बोलावून विचारले, "बाळा, शेवटचे कडवे का गाळलेस?"

तो म्हणाला, "काका, मोबाईलवर एवढेच आहे."

"आणि हे गाणे लिहिले कोणी?"

"पारंपरिक आहे ना, काका. तिथे तसेच लिहिले आहे."

वाचक बंधू-भगिनींनो, हे ऐकून माझ्या काळजात कळ आली. मुलाचा दोष नव्हता. त्याला जसे मिळाले तसे त्याने गायिले. पण ज्या माणसाने उन्हातान्हात, एस. टी. च्या धक्क्यात, उपाशीपोटी गाणी लिहिली, त्या माणसाला गाऊन वीस वर्षे होतात न होतात तोच आपल्याच पोरांनी 'पारंपरिक' करून टाकावे? वामनदादा १५ मे २००४ रोजी नाशिक येथे गेले. त्यांना गाताना प्रत्यक्ष ऐकलेली माणसे अजून आपल्या घराघरांत आहेत.

त्या रात्री मुलांना मी वामनदादांच्या तरुणपणाची गोष्ट सांगितली. म्हातारे, दाढीवाले, गळ्यात मफलर असलेले वामनदादा फोटोत सर्वांनी पाहिलेले असतात. परंतु विशीतला वामन फारसा कोणाला ठाऊक नाही. तो ओट्यावरच्या त्या मुलाच्याच वयाचा होता, आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. तीच गोष्ट येथे देत आहे.

देशवंडीचा पोरगा

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी या खेड्यात झाला. वडील तबाजी, आई सईबाई. सदाशिव हा भाऊ आणि सावित्री ही बहीण. घर महारवाड्यातले. कोरडवाहू जमिनीवर वर्षाचे पोट भरत नसे, म्हणून डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणायच्या, टेंभुर्णीची पाने तोडायची आणि विकायची. सिन्नर हे विडीच्या धंद्याचे गाव, त्यामुळे टेंभुर्णीच्या पानाला तिथे गिऱ्हाईक असे. वामन गुरे राखी, कुस्ती खेळे. शाळेची पायरी मात्र त्याला चढता आली नाही.

वामन लहान होता त्याच दिवसांत त्याच्या जिल्ह्यात केवढे वादळ उठले होते पाहा. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि १९३५ पर्यंत चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. येवला नाशिक जिल्ह्यातलेच. तेव्हा वामन तेरा वर्षांचा होता. खेड्यापाड्यांतून माणसे भाकरी बांधून सत्याग्रहाला जात होती, परत येऊन चावडीवर, ओट्यावर सांगत होती. अशा जिल्ह्यातल्या मुलाच्या कानावर काय काय पडले असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

आणि गाणे? खेड्यात गाणे शिकवायला मास्तर लागत नाही. पहाटे जात्यावर आईच्या ओव्या असतात. जत्रेत तमाशा असतो, सप्ताहात भजन असते, दारावर एकतारी घेऊन येणारा गोसावी असतो. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज ही आपल्या माणसांच्या हातातली वाद्ये. तमाशाची कला तर महार-मांगांनीच पिढ्यान्‌पिढ्या जगवली. अक्षर नसलेल्या मुलालाही लय, यमक आणि ध्रुपद यांचे शिक्षण असे फुकट मिळते. वामनची पहिली शाळा म्हणाल तर हीच.

एका पत्राने लाजवले

पोटासाठी माणसे मुंबईला जात, तसे हे कुटुंबही गेले. आई गिरणीत कामाला लागली. वामनने मिळेल ते काम केले. कोळशाच्या वखारीत काम केले, खडी फोडली, चिक्की विकली, आईसफ्रूट विकले. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत मुक्काम. बाबासाहेबांनी उभारलेल्या समता सैनिक दलाचा तो सैनिक झाला. अंगाने धट्टाकट्टा, कवायतीत चपळ.

अशात एक दिवस चाळीत एक अनोळखी माणूस त्याच्याकडे पत्र घेऊन आला. "एवढे वाचून दाखवा," म्हणाला. वामनने सांगितले की, मला वाचता येत नाही. त्या माणसाने कदाचित काही वाईट हेतूने विचारले नसेल. परंतु वामनच्या मनाला ते इतके लागले की तो रडला. बाबासाहेबांचे नाव घेतो, सैनिक म्हणवतो, आणि दोन ओळींचे पत्र वाचता येत नाही!

रडून तो थांबला नाही. समता सैनिक दलातच देहलवी नावाचे मास्तर होते. त्यांच्याकडून वामनने मुळाक्षरे आणि बाराखडी गिरवली. पुढे जोडाक्षरे त्याने रस्त्यावर शिकली. मुंबईच्या दुकानांवरच्या पाट्या हे त्याचे पुस्तक. पाटी वाचायची, अडले तर थांबायचे, अक्षर लावायचे, मग पुढची पाटी.

याच मुंबईत आणखी एका तरुणाने असेच केले होते. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, जन्म १ ऑगस्ट १९२०. तेही शाळेबाहेर राहिले आणि मुंबईच्या रस्त्यांवरच्या पाट्या अन् सिनेमाच्या जाहिराती वाचत अक्षरओळख करून घेतली. वयात जेमतेम दोन वर्षांचे अंतर. एकाने कादंबऱ्या आणि पोवाडे लिहिले, दुसऱ्याने हजारो गाणी. या शहराने दोघांना राबवून घेतले, आणि दोघांनी त्याच शहराच्या भिंतींकडून अक्षरे वसूल केली.

राणीच्या बागेतली दुपार

दिनांक ३ मे १९४३. वामनचे वय वीस वर्षे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत (आजचे जिजामाता उद्यान) बसला असताना त्याला एक गाणे सुचले. ते एका हिंदी सिनेगीताचे विडंबन होते. म्हणजे चाल सिनेमाची आणि शब्द स्वतःचे. चाळीतल्या मित्रांना म्हणून दाखवले. सगळे खळखळून हसले, वाहवा केली. आपल्याला गाणे रचता येते हे त्या दिवशी वामनला समजले. आयुष्यभर त्यांनी ही तारीख लक्षात ठेवली.

मुलांना हा प्रसंग मी मुद्दाम खुलवून सांगितला. पहिले गाणे महान वगैरे काही नव्हते. ना त्यात क्रांती होती, ना तत्त्वज्ञान. मित्रांना हसवण्यासाठी केलेली ती गंमत होती. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि बोलपट सुरू झाले, तेव्हापासून सिनेमाची गाणी हॉटेलातून, तबकड्यांवरून चाळीचाळीत शिरली होती. त्या चालीवर शब्द बसवणे हा चाळीतल्या पोरांचा खेळच होता. आज आपली पोरे सिनेमाच्या चालीवर भीमगीत करतात म्हणून कोणी नाके मुरडतात. त्यांना सांगावेसे वाटते की वामनदादांची सुरुवातही तिथूनच झाली. आपली पोरेही तिथून सुरू करोत. पुढे कुठे जातात ते पाहायचे.

जलशाची शाळा

वामन पुढे गेला तो जलशामुळे. नव्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीतून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा घ्यायचा, पण त्यातला मजकूर बदलायचा, ही त्यांची युक्ती. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग. जलशात गणपतीच्या गणाऐवजी थोर पुरुषांना वंदन आले. कृष्ण-गवळणीच्या छेडाछेडीऐवजी दारू, अंधश्रद्धा, शिक्षण यांवरचे संवाद आले. वगात राजाराणीऐवजी गावचा पाटील, सावकार आणि आपला माणूस आला. १९३० नंतर बाबासाहेबांच्या चळवळीत हाच जलसा 'आंबेडकरी जलसा' म्हणून गावोगाव गेला. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या लाखो माणसांचे वर्तमानपत्र म्हणजे जलसा.

या जलशांचे मोठे नाव म्हणजे भीमराव कर्डक. तेही नाशिक जिल्ह्याचेच. आडनाव एकच असल्यामुळे अनेकांची गल्लत होते, परंतु भीमराव आणि वामनराव या दोन वेगळ्या व्यक्ती. आपल्या दहा सभांचे काम कर्डक मंडळींच्या एका जलशाने होते, असे बाबासाहेब म्हणाल्याचे जुनी माणसे अभिमानाने सांगत आली आहेत. भीमरावांनी पुढे १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहून ठेवले.

तरुण वामनने भीमरावांचे जलसे पाहिले आणि त्याचे डोळे उघडले. चाळीतल्या मित्रांना हसवणारे गाणे हजारो लोकांना रडवू शकते, उठवू शकते, सभेला आणू शकते, हे त्याने पाहिले. गाण्याचे काम काय, हे त्याला जलशाने शिकवले.

नायगावला बाबासाहेब दिसले

१९४३ सालीच, मुंबईत नायगाव येथे वामनने बाबासाहेबांना पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिले. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आदल्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली होती. कामगार वस्त्यांत सभांचे वातावरण तापलेले होते. ज्याचे नाव लहानपणापासून ऐकले तो माणूस समोर उभा आहे, सुटाबुटात, ताठ मानेने. खडी फोडणाऱ्या, आईसफ्रूट विकणाऱ्या पोराला काय वाटले असेल ते शब्दांत सांगणे कठीण आहे. वामनने ते पुढे साठ वर्षे गाण्यांतून सांगितले.

नायगाव, परळ, शिवडी हा भागच असा की, तिथल्या चाळींतून गळे तयार झाले. शाहीर विठ्ठल उमप १९३१ साली नायगावलाच जन्मले, आणि २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. एका वस्तीत जलसे होतात, सभा होतात, तालमी होतात, म्हणून तिथे गायक होतात. ओट्यावरची तालीम रिकामटेकडेपणा आहे असे म्हणणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे.

घरात अंधार, ओठांवर गाणे

वामनदादांच्या तरुणपणाची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते. विशीच्या आधीच त्यांचे लग्न झाले होते. तो संसार टिकला नाही. मीरा नावाची मुलगी होती, ती लहानपणीच दगावली. पुढे शांताबाईंशी त्यांचा संसार झाला. परंतु त्या पहिल्या दुःखाची जखम राहिली. ज्याच्या घरात एवढा अंधार, त्याने लोकांच्या ओट्यावर जाऊन उजेडाची गाणी गायिली. १९९६ साली त्यांचे आत्मचरित्र 'माझ्या जीवनाचं गाणं' प्रसिद्ध झाले. ज्यांना शक्य आहे त्यांनी ते मिळवून घरात मोठ्याने वाचावे. आमच्या घरी आम्ही तसे वाचले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. वामनदादा तेव्हा चौतीस वर्षांचे होते. समाज पोरका झाला. त्या वेळी गावोगाव जाऊन लोकांना धीर देण्याचे काम ज्यांनी केले त्यांत गायनपार्ट्यांचा वाटा फार मोठा आहे. बुद्ध कोण, धम्म म्हणजे काय, बावीस प्रतिज्ञा कशासाठी, हे खेड्यातल्या मायमाउलीला पुस्तकातून कळण्याआधी गाण्यातून कळले. वामनदादांच्या तरुणपणाची तयारी इथे कामी आली. पाट्यांवरून शिकलेली अक्षरे, सिनेमाच्या चाली, जलशाची शिस्त आणि नायगावला पाहिलेला माणूस, असे सगळे एकत्र आले.

शेवटच्या कडव्यातली सही

त्यांच्या गाण्याची घडण साधी आहे. ध्रुपद असे की एकदा ऐकले की कोरसला म्हणता यावे. शब्द घरातले. उपमा शेतातल्या, चुलीवरच्या. आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव. संतांच्या अभंगात जशी नाममुद्रा असते, तुका म्हणे, नामा म्हणे, तशीच ही. आपल्यासारख्यांनी लिहिलेले काही टिकत नाही, कोणी तरी दुसराच आपल्या नावावर खपवतो, हा पिढ्यांचा अनुभव. म्हणून गाण्याच्या पोटातच नाव शिवून टाकायचे.

हे नाव कशासाठी महत्त्वाचे, ते वयांच्या हिशोबाने पाहा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, कारकुनीत आयुष्य गेले, हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. पहिले गाणे १९४३ साली. पहिला गीतसंग्रह 'वाटचाल' निघाला १९७३ साली. म्हणजे मध्ये तीस वर्षे गेली. नंतर 'मोहळ' १९७६ साली आणि 'हे गीत वामनाचे' १९७७ साली आले. पहिल्या तीस वर्षांत गाणी छापील पुस्तकात नव्हती. ती वहीत होती, गायकांच्या गळ्यात होती आणि लोकांच्या तोंडी होती. त्या काळात गाणे कोणाचे याचा एकच पुरावा होता, तो म्हणजे शेवटचे कडवे. तेच आपण कापले, तर तीस वर्षांच्या मेहनतीची पावतीच फाडली असे होते. ज्याला पत्र वाचता येत नव्हते तो १९९३ साली वर्ध्याला पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. त्याच्या सहीला आपण एवढा तरी मान द्यावा.

मोबाईलला मी नावे ठेवत नाही. मराठवाड्यातल्या कडूबाई खरात एकतारीवर गातात आणि त्यांचा आवाज मोबाईलनेच महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पोचवला. साधन चांगलेच आहे. पण त्यात कोणी अर्धे गाणे घातले तर अर्धेच बाहेर येणार. पूर्ण गाणे आणि गीतकाराचे नाव घालण्याचे काम माणसानेच करायचे आहे.

आजीकडे सापडले कडवे

आता ओट्यावरच्या त्या मुलाचे काय झाले ते सांगून लेख पुरा करतो.

आमच्या वस्तीत एक आजी आहेत. शाळा माहीत नाही. पेन्शनचा कागद आला, लाईट बिल आले की त्या माझ्याकडे येतात. "वाच रे लेका, काय म्हणतोय सरकार." मी वाचून दाखवतो. दर वेळी मला शिवडीच्या चाळीतले ते पत्र आठवते. तालमीच्या दुसऱ्या दिवशी त्या अशाच आल्या. कागद वाचून झाल्यावर मी सहज विचारले, "आजी, अमके गाणे तुम्हाला येते का हो? शेवटचे कडवे हवे होते."

आजींनी डोळे मिटले, मांडीवर ताल धरला आणि ध्रुपदापासून सुरू केले. एकही शब्द न अडखळता शेवटपर्यंत. शेवटच्या कडव्यात 'वामन' आले तेव्हा त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "आमच्या गावाला आले होते दादा. रातभर गायले. तेव्हाच पाठ झालं."

रात्री त्या मुलाला मी आजींकडे पाठवले. तो मोबाईल घेऊन निघाला होता, मी त्याच्या हाती वही-पेन दिले. अर्ध्या तासाने परत आला तेव्हा वहीत त्याच्या गिचमिड अक्षरात पूर्ण कडवे होते, आणि वर, न सांगता, त्याने लिहिले होते : गीतकार, वामनदादा कर्डक.

वाचकहो, आपल्या प्रत्येक वस्तीत अशा आजी आहेत, आणि त्या रोज थकत चालल्या आहेत. यंदाच्या जयंतीला प्रत्येक मंडळाने एवढे करावे. एक दोनशे पानी वही घ्यावी. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडून गाणी पूर्ण उतरवून घ्यावीत, खाली गीतकाराचे नाव लिहावे, आणि मंचावर गाण्याआधी ते नाव माईकवरून मोठ्याने सांगावे. वहीला खर्च किती, तर साठ-सत्तर रुपये. ज्यांना वस्तीत अजून वाचता येत नाही त्यांना त्याच वहीतून शिकवायला बसवावे. गाणे पाठ असलेल्या माणसाला अक्षर लवकर लागते, कारण पुढचा शब्द कोणता हे त्याला आधीच ठाऊक असते.

आमच्या आजींनी कालपासून सुरुवात केली आहे. पहिला शब्द त्यांनी स्वतःच निवडला. त्यांनी 'भीम' गिरवला.

जयभीम !